गप्प राहणाऱ्याची होडी

सरकारने माणसाचं ऐकावं कसं, हे ठरवायला बावीस माणसं पुण्यात एका थंडगार खोलीत वर्षभर बसली होती. त्यांनी भाजलेले शेंगदाणे पुष्कळ खाल्ले आणि शेवटी सेवासंहिता लिहिली. ही गोष्ट त्या संहितेतल्या एका ओळीची आणि ती ओळ लिहिणाऱ्या वैजयंती खोबरेकरची आहे.

संहिता वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. सरकारला जे ठाऊक आहे ते माणसाला पुन्हा विचारू नये, असं तीत लिहिलं होतं. सेवा आखताना सगळ्यात अडलेल्या माणसापासून सुरुवात करावी. प्रश्न असा विचारू नये की उत्तर त्यातच दडलेलं असेल. आणि कोणतीही सेवा बंद करण्याआधी आखणाऱ्याने ती जिथे चालते तिथे जाऊन काही दिवस नुसतं बसावं, बोलू नये. ही ओळ वाचली गेली तेव्हा सगळे हसले होते, कारण त्या खोलीत न बोलता बसू शकेल असं कोणीच नव्हतं.

वैजयंतीची ओळ साधी होती. मागणारा आणि सेवा यांच्या मध्ये कोणी नसावं. ती ओळ तिने आणली होती आपल्या गावाहून. ती सातवीत असताना वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. तेव्हा इस्पितळात खाट मिळवून देणारा एक मध्यस्थ असायचा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. भाऊंनी खाट मिळवलीही, पण ऐन वेळी ती त्यांच्या भाच्याला गेली. वडील धक्क्याला बांधलेल्या होडीत निरोपाची वाट बघत बसले. भरती आली, ओहोटी आली, निरोप आला नाही, आणि वडील त्या होडीतच गेले. मध्ये माणूस असला की असं होतं, एवढं ती त्या दिवशी शिकली आणि पुढे जे काही शिकली ते या एका गोष्टीच्या आधाराने.

संहितेवरून जी सेवा उभी राहिली तिचं नाव हाक. गावोगावी कमरेएवढ्या उंचीचा एक खांब, वर जाळी, आत यंत्र. अर्ज नाही, फोन नाही, रांग नाही. समोर उभं राहायचं आणि बोलायचं. खांब म्हणायचा, ‘बोला, मी ऐकतोय,’ आणि खरोखरच ऐकायचा. कारण त्याच्या पोटात एक शोध होता.

माणूस मनापासून काही मागतो तेव्हा त्या मागण्याच्या शब्दाआधी त्याचा श्वास क्षणभर अडतो. गळ्यातले बारीक स्नायू ताणले जातात आणि आवाजात कानाला कळणार नाही इतकी थरथर येते. रडून, ओरडून किंवा गयावया करून ती आणता येत नाही. संशोधकांनी लाखो आवाज तपासून तिचं मोजमाप बसवलं आणि त्याला निकड म्हणायला सुरुवात केली. खाट कोणाला आधी, होडी कोणत्या धक्क्याला आधी, हे निकड ठरवायची.

दुसरी करामत होती गर्दीतून एक आवाज वेगळा काढण्याची. लग्नाच्या मांडवात सनई आणि पोरांचा दंगा बाजूला सारून आपण समोरच्याचं बोलणं ऐकतोच की. खांबाला चार कान होते. एकच आवाज चारही कानांवर किंचित मागेपुढे पोचतो आणि त्यावरून तो कुठून आला ते कळतं. सगळ्यात जवळचा आवाज मोजायचा, बाकीचे गोंगाट म्हणून बाजूला ठेवायचे. यामुळे मागणाऱ्याच्या मागे उभं राहून कोणाला काही पढवता येईना. एका आमदाराने खांबासमोर उभं राहून पुतण्यासाठी जागा मागितली, तेव्हा खांब अतिशय नम्रपणे म्हणाला, पुतण्याला पाठवा. हा किस्सा वैजयंती प्रत्येक व्याख्यानात सांगायची आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायची.

सहा वर्षं अशी चांगली गेली. मग हाकचा कारभार बघणाऱ्या देवधर साहेबांच्या टेबलावर खारजुव्याचे आकडे आले.

खाडीतल्या बेटाला आमच्या तिकडे जुवा म्हणतात. खारजुवा म्हणजे चाळीसेक घरं, माड, खाजणातल्या खारवट जमिनीतली भातशेती आणि चारी बाजूंनी पाणी. समुद्र वर चढत चालल्यापासून पलीकडचा किनारा दरवर्षी थोडा लांब जात होता. तिथल्या खांबाशी सहा वर्षांत एकाच माणसाने बोललेलं दिसत होतं आणि त्याची निकड जवळजवळ शून्य होती. देवधर म्हणाले, ज्या एकट्या माणसाला काहीही नको आहे त्याच्यासाठी आपण एक खांब आणि होडीची एक फेरी अडकवून ठेवली आहे, ती दुसऱ्या जुव्यांना देऊ. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना हिशेब नीट लागलेला आवडायचा.

‘माझं गाव आहे ते,’ वैजयंती म्हणाली.

मग तर उत्तमच, देवधर म्हणाले, संहितेप्रमाणे तूच जाऊन बस.

तिला गावचं हे ठाऊक कसं नव्हतं, असं कोणी विचारेल. ती दरवर्षी चतुर्थीला घरी जायची, पण तेव्हा जो तो आपापल्या गणपतीपाशी असतो. आईशी रोज बोलणं व्हायचं. खांब कसा काय आहे, असं एकदा विचारलंही होतं. आई म्हणाली होती, बरो आसा, दुपारची कोंबडी तेच्या सावलीत बसतत.

ती निघाली तेव्हा माघ लागला होता. सकाळी खाडीवर धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बिनमाणसाची होडी आवाज न करता धक्क्याला लागली. ती एकटीच बसली आणि होडी त्या पांढऱ्यात शिरली. वल्हं नाही, नावाडी नाही. आपण कुठे जात नसून गावच हळूहळू आपल्याकडे येतंय असं तिला वाटत राहिलं. आधी माडांचे शेंडे आले, मग देवळाचा कळस, मग धक्क्यावर उभी असलेली आई.

शुभांगीबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि पिशवी घ्यायला गेल्या. वैजयंतीने ती दिली नाही. घराच्या चढणीवर आई दोनदा थांबली. एकदा म्हणाली, खंड्या बघ किती निळो. दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही, नुसती माडाला हात लावून उभी राहिली. वैजयंती खंड्या शोधत होती.

संध्याकाळी ती मांडावर जाऊन बसली. मांड म्हणजे गावाने जमायची मोकळी जागा, पिंपळाखाली जांभ्या दगडाचा चौथरा आणि समोर देऊळ. खांब नेमका तिथेच रोवलेला होता. लोक जमतात तिथे सेवा न्यावी, असं संहितेत होतं ना. पण लोक तिथे कशासाठी जमतात, हे थंडगार खोलीत कोणी विचारलं नव्हतं.

दिवेलागणीला माणसं आली. बाया, बापये, काठी टेकत आलेले म्हातारे, सगळी खांबाभोवती अर्धगोल करून उभी राहिली. मग बाबल गावकार पुढे झाले. गावच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. तरुणपणी ते मुंबईला गोदीत होते आणि तिथेही म्हणे युनियनच्या सभेत बोलायला उठले की माईक सोडत नसत. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि खांबाकडे बघून, देवाला घालतात त्याच लयीत गाऱ्हाणं सुरू केलं.

‘बा म्हाराजा, आज ही तुझी सगळी लेकरा तुझ्याफुडे उभी आसत. एका लेकराच्या डोळ्यांर पडदो इलो हा, तेका समोरचो माणूस दिसना नाय. तेची वाट मोकळी कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळा मांड म्हणाला.

आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन परत आल्यासारखा वाटला. वैजयंतीच्या अंगावर काटा आला, लहानपणी यायचा तसाच. खांबाने विचारलं, कोणासाठी? बाबलकाका म्हणाले, ज्येका व्हया तेका. खांब अदबीने म्हणाला की ज्यांना गरज आहे त्यांनी स्वतः बोलावं, नोंद घेता आलेली नाही. बाबलकाकांनी नमस्कार केला, चपला घातल्या, आणि काम फत्ते झाल्यासारखी सगळी मंडळी आपापल्या घरी निघाली.

न बोलता बसायचा नियम वैजयंतीने तिथेच मोडला. सहा वर्षं हेच चाललंय का, असं तिने बाबलकाकांना गाठून विचारलं. अहो, तो देव नाही, सरकारी खांब आहे, त्याला नाव सांगावं लागतं.

‘देवान कधी इचारल्यान नाय, कोणासाठी म्हणान,’ ते म्हणाले. ‘हो देव नाय ता माका पण कळता गो. पण ऐकणारो समोर आसलो काय मागूची रीत एकच. आपल्यासाठी आपण मागूचा नाय. दुसऱ्यान मागूचा.’

आणि मग त्यांनी तिला ते सांगितलं जे तिने लहानपणी पाहिलं असणार पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं चाललेलं असतं तो ‘व्हय’ म्हणत नाही. तो मांडावर असतो, सगळ्यांमध्येच उभा असतो, पण गप्प राहतो. बाकीच्यांचे आवाज त्याच्या वाटचे.

वैजयंतीला राग आला. खरं तर भीती वाटली, पण वर आला तो राग. ती म्हणाली की हे म्हणजे भाऊच झाले, फक्त धोतरातले. मागणाऱ्याच्या मध्ये पुन्हा एक तोंड. त्या तोंडाने उद्या भाच्याचं नाव घेतलं तर?

‘नाव घेणतच नाय आमी,’ बाबलकाका म्हणाले. त्यांनी पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं. ‘तुझ्या बापाशीसाठी पण हयच उभे ऱ्हवलेलो. पलीकडे ऐकूक कोण नव्हता.’

त्या रात्री ती आईशेजारी झोपली आणि आईचा श्वास ऐकत राहिली, तो मधूनच अडखळत होता. म्हातारपण, तिने स्वतःला सांगितलं. माणूस आपल्या सोयीचं उत्तर किती पटकन शोधतो, यावरही संहितेत एक ओळ हवी होती.

दुसऱ्या संध्याकाळी ती चौथऱ्यावर न बसता गर्दीत आईशेजारी उभी राहिली. ओहोटी होती. पाण्याखालचा चिखल चमकत होता आणि वर एकच चांदणी. बाबलकाकांनी डोळे मिटले.

‘एका लेकराच्या छातयेर धोंडो ठेवल्यासारखो झालो हा. चार पावला चालला काय दम लागता. कोणाक सांगना नाय, कोणाक दाखवना नाय. तेच्यार नजर ठेव रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

वैजयंतीचंही तोंड आपोआप उघडलं होतं. तिचा स्वतःचा आवाज तिला त्या सगळ्या आवाजांत ऐकू आला, आणि डाव्या बाजूला, जिथे आई उभी होती, तिथे काहीच नव्हतं. आईचे हात जोडलेले होते. ओठ मिटलेले होते. ती खाडीकडे बघत होती, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चालल्यासारखी.

खांबाने विचारलं, कोणासाठी?

वैजयंतीने आईला चौथऱ्यावर बसवलं, आणि ते बघून मंडळी घरी न जाता थांबली. कधीपासून, असं विचारलं. दसऱ्यापासून, आई म्हणाली. मग मला का सांगितलं नाहीस, हे विचारताना वैजयंतीचा आवाज फुटला.

‘तू रोज इचारतस, बरी आसस मां, म्हणान,’ आई म्हणाली. ‘मग मी म्हणतंय, बरी आसंय.’

प्रश्न असा विचारू नये की उत्तर त्यातच दडलेलं असेल. शेंगदाणे खात खात त्यांनी ते लिहिलं होतं.

वडीलही याच दुखण्याने गेले होते आणि याच चढणीवर असेच थांबायचे. होडीने कोणाला इथून उचललं की पलीकडे गाडी तयार असायची, गाडी पोचेपर्यंत खाट, खाटेपाशी डॉक्टर. सगळं एका ओळीत हलायचं, पण ओळीचं पहिलं टोक हा खांब होता. त्याला निकड ऐकू आली नाही तर होडी दुसऱ्या जुव्याकडे जायची, आणि साध्या होडक्यातून वल्हवत गेलं तर पलीकडे रांगेच्या शेवटी उभं राहावं लागायचं. एवढा वेळ आईपाशी आहे का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

तिने आईला खांबापुढे उभं केलं. तू फक्त सांग, छातीत दुखतं, बाकी काही नको. आई खांबाकडे बघत राहिली, पाहुण्यासारखी संकोचून. मग म्हणाली, ‘माका काय नाय रे बाबा. पण त्या वरच्या घराकडच्या सुधाकराच्या डोळ्यांचा बघ जरा.’

वैजयंतीच्या मनगटावर सेवेची पट्टी होती, तीत खांबाने मोजलेला आकडा उमटला. निकड जवळजवळ शून्य. आईने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, मग त्या शब्दाआधी तिचा श्वास अडणार तरी कसा.

सेवा आखणारी म्हणून वैजयंतीकडे एक किल्ली होती, त्या पट्टीतच. तिने खांबाला नुसतं सांगितलं असतं की हिला ने, तर होडी आली असती. ती तशी उभी राहिली, बोट पट्टीवर ठेवून. आणि तिला धक्क्यावरचे भाऊ दिसले. त्यांनीही असंच केलं असेल. भाचा त्यांना फार प्रिय असेल. त्या दिवशी कोणाच्या तरी बापाची खाट त्यांनी आपल्या माणसाला दिली, आणि आज ती तेच करायला निघाली होती, तेही भाऊंपेक्षा सफाईने. समोर आई पुन्हा चौथऱ्यावर बसली होती, ओठ किंचित निळसर. तिला वाटलं आपले दोन तुकडे होतील.

तिने बोट काढून घेतलं.

मग तिला ते बाजूला ठेवलेले आवाज आठवले. सहा वर्षांचे, रोजच्या संध्याकाळचे. खांबाने ते गोंगाट म्हणून मोजले नव्हते, पण ऐकले तर होते. सेवा बसून बघणाऱ्याला खांबाचे चारही कान एकदम उघडायची, म्हणजे बाजूला ठेवलेले आवाजही मोजायची, मुभा होती, नुसतं बघण्यापुरती. त्यावरून काही ठरवायला मनाई होती. वैजयंतीने कान उघडले आणि ती मनाईही काढून टाकली. चालत्या सेवेत असा बदल चाचणीशिवाय करू नये, हे तिने स्वतः तीन वेळा अधोरेखित केलेलं होतं.

बाबलकाका, पुन्हा घाला गाऱ्हाणं, ती म्हणाली. ते चिडले. एका सांजेला एकच गाऱ्हाणं दोनदा घालायची रीत नव्हती, देवाला काय बहिरा समजायचं? वैजयंतीने काही समजावलं नाही. ती त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग चौथऱ्यावर बसलेल्या शुभांगीबाईंकडे, आणि पुन्हा चपला काढल्या.

या खेपेला त्यांचा आवाज सभेतला नव्हता. मध्येच तो चिरकला आणि त्यांनी तो सावरला नाही. लेकराच्या छातीवरचा धोंडा उचल रे म्हाराजा, एवढंच ते म्हणाले. मग सगळा मांड एक क्षण थांबला. चाळीस-पन्नास माणसांचा श्वास एकाच वेळी अडला, इतका स्पष्ट की पिंपळाची पानं तेवढी ऐकू आली.

‘व्हय म्हाराजा.’

वैजयंतीही म्हणाली. आयुष्यभर जे मध्ये नको म्हणत आली होती ते बनून, ती जोरात म्हणाली. मनगटावरचा आकडा चढत गेला, कोणा एका गळ्यातून कधी निघाला नव्हता इतका वर. निकड बोलणाऱ्याच्या आवाजात नव्हतीच, ती या उत्तरात होती. सहा वर्षं खारजुवा कंठशोष करत होता आणि यंत्र नेमका तेवढाच आवाज पुसून टाकत होतं.

 मग खांबाने, पहिल्यांदाच, कोणासाठी असं विचारलं नाही.

‘होडी निघाली आहे,’ तो म्हणाला. ‘जे बोलले नाहीत, त्यांनी धक्क्यावर यावं.’

कोणाचे आवाज रोज असतात आणि आज कोणाचा नाही, एवढं त्यालाही कळत होतं. सगळे शुभांगीबाईंकडे वळले. त्या लाजल्या. घरात दिवा तसाच राहिलाय, भात चुलीवर आहे, अशी कारणं सांगू लागल्या. बायांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि धक्क्याकडे चालवलं.

होडी आली तेव्हा काळोख पडला होता. त्या दिवसांत खाडीच्या पाण्यात बारीक जीव चमकतात, पाणी हललं की निळा उजेड सांडतो. होडीच्या दोन्ही अंगांनी तो उजेड पसरत येत होता, आणि आत कोणीच नव्हतं. वैजयंतीने आईला आत बसवलं, स्वतः तिच्या पायाशी बसली. धक्का मागे सरला. काठावर माणसं हात जोडून उभी होती आणि त्यांच्या पायांखालचं पाणी निळं होत विझत होतं. आईने बोटं पाण्यात बुडवली.

‘तुझो बापूस थयच बसान होतो,’ ती म्हणाली. ‘होडी सुटली नाय, एवढाच.’

आईचं ऑपरेशन झालं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले की आठवडाभर उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं. वैजयंती इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मनसोक्त रडली, आणि मग तिने स्वतःच देवधरांना फोन करून सगळं सांगितलं.

देवधर ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. ते म्हणाले, चालती सेवा बदललीस, चाचणी केली नाहीस, आणि तेही स्वतःच्या आईसाठी. भाऊंमध्ये आणि तुझ्यात फरक काय, असं संहितेची समिती विचारेल. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की फरक आहे असं वाटतं, पण तो नीट सांगता येत नाही. मग तो खांबासमोर सांग, देवधर म्हणाले. समितीला तुझी बाजू तुझ्याच तोंडून हवी आहे, तुझ्या आवाजातली निकड मोजली जाईल. ती उमटली तर तू राहशील, खांबही राहील आणि त्याचे कान उघडे ठेवायचे का यावर विचार होईल. नाहीतर तुझी सेवा आणि खारजुव्याची सेवा एकाच दिवशी बंद.

संहितेप्रमाणे बंद करण्याआधी कोणीतरी जाऊन बसायला हवं होतं. वैजयंतीला आता तो अधिकार नव्हता, म्हणून देवधर स्वतः आले, पॉलिश केलेले बूट घालून आणि घडीची खुर्ची घेऊन. वैजयंती आईला घेऊन आदल्या आठवड्यातच गावी आली होती. शुभांगीबाईंनी देवधरांना सोलकढी दिली. प्रवास कसा झाला, असं विचारलं नाही. वाटेत कसला त्रास झाला ते सांगा, असं विचारलं, आणि देवधरांना बऱ्याच गोष्टी आठवल्या.

संध्याकाळी सगळे मांडावर जमले. निर्णय होईपर्यंत खांबाचे कान उघडेच ठेवले होते. वैजयंतीने काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. चांगलं जुळलं होतं, फरकही सापडला होता, तिथे एकाने परस्पर दिलं आणि इथे सगळ्यांनी मिळून मागितलं. आणि तिला खरंच मागायचं होतं. हे काम, हे गाव, हा खांब, सगळंच. श्वास तर आत्ताच अडत होता. देवधरांनी तिला मानेने खूण केली, बोल.

ती एक पाऊल पुढे झाली, आणि बाबल गावकार तिच्याही पुढे. चपला त्यांनी आधीच काढल्या होत्या.

‘बा म्हाराजा, एका लेकराचो धंदो लोकांचा ऐकूचो. सगळ्यांचा ऐकता ऐकता तेची स्वतःची वाट चुकली हा.’

वैजयंतीने त्यांच्याकडे बघितलं. थांबवावं असं वाटलं. आता तिने तोंड उघडलं तर नोकरी वाचत होती, एवढी निकड त्या क्षणी तिच्या गळ्यात होती. पण मग हे गाऱ्हाणं तिचं राहणार नव्हतं. तिने ओठ मिटले. ते मिटणं मागण्याहून अवघड होतं, हे तिला कोणत्याही संशोधनाने सांगितलं नव्हतं. आईने दसऱ्यापासून हे केलं होतं.

‘तेची चूक भूल पदरात घे, तेची वाट तेका परत दी रे म्हाराजा.’

मांड थांबला. श्वास अडला. आणि सगळ्यांच्या आधी, अर्ध्या पावलाने पुढे, डाव्या बाजूने एक आवाज आला. अजून थोडा अशक्त, पण स्वच्छ.

‘व्हय म्हाराजा,’ आई म्हणाली, आणि मग सगळे.

देवधर खुर्चीवरून उठले होते. त्यांच्या मनगटावर आकडा चढत असणार, पण ते तिकडे बघत नव्हते. ते वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. बाबलकाका पुढचं म्हणाले, खांबाचे कान असेच उघडे ठेव रे म्हाराजा, आणि त्या वेळी सगळ्यांच्या मागून, ताल चुकलेला, शहरी असा आणखी एक ‘व्हय’ ऐकू आला.

वैजयंती काही बोलली नाही.